सगळं एक आहे म्हणजे नक्की काय?

प्रश्न : ताई, ध्यान शिबिरात "माणूस, निसर्ग, आत्मा हे सगळं एकच" असं ऐकलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं, पण घरी आल्यावर ते सगळं ओसरलं. भावाशी अबोला आहे तो तसाच. शिवाय मी फारशी श्रद्धाळू नाही, आत्मा म्हटलं की अडखळते. ही एकता खरी असते का नुसता मूड?

उत्तर : मूड ओसरला म्हणून वाईट वाटून घेऊ नका, तो ओसरणारच. शरीरापुरतं बोलायचं तर एकता तुमच्या मूडसाठी थांबलेलीच नाहीये, पृथ्वीवर तयार होणारा साधारण निम्मा ऑक्सिजन समुद्रातले सूक्ष्म जीव बनवतात, आणि माणसाच्या अंगात त्याच्या स्वतःच्या पेशी अंदाजे 30 लाख कोटी तर बॅक्टेरिया 38 लाख कोटी, म्हणजे "मी" म्हणतो तिथेच केवढी वस्ती आहे बघा!

पण तुमचा खरा प्रश्न मनाचा आहे, आणि तिथे मला न्यूझीलंडची वांगानुई नदी आठवते. तिथले मूळ रहिवासी असलेले माओरी लोक पिढ्यानपिढ्या म्हणत आलेत, मी नदी आहे आणि नदी म्हणजे मी. 2017 मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून या नदीला व्यक्तीसारखे हक्क दिले, आणि त्यात लिहिलंय की डोंगरापासून समुद्रापर्यंत ती एक अखंड, जिवंत गोष्ट आहे, तिच्यातलं जे डोळ्यांना दिसतं ते आणि जे दिसत नाही तेसुद्धा धरून. कायद्याच्या पुस्तकात आत्म्याला जागा मिळाली, मला हे फार मोठं वाटतं. नदीच्या वतीने बोलायला दोन माणसं नेमतात, एक सरकारने सुचवलेला आणि एक माओरींनी, आणि दोघांनी मिळून नदीचं हित बघायचं.

म्हणून मला वाटतं आत्मा मानता की नाही यावर अडू नका. ज्याला स्वतःचं बोलता येत नाही त्याची बाजू तुम्ही घेता का, एवढं बघा. झाड असो, प्राणी असो, घरातलं गप्प झालेलं माणूस असो, त्याच्यासाठी काही करायला लागलात की आपलेपणा मागून येतो, आधी तो वाटेल मग करू म्हणत बसलं तर राहूनच जातं.

प्रश्न : मग एक आहोत म्हणून भांडायचंच नाही का? चूक समोरच्याची असली तरी?

उत्तर : भांडायचं की! वांगानुईचे लोक 1870 च्या दशकापासून नदीसाठी सरकारशी झगडत होते, अर्ज, कोर्ट, सगळं केलं, मधल्या काळात वीज प्रकल्पासाठी नदीच्या वरच्या भागातलं पाणी दुसरीकडे वळवलं गेलं. शेवटी समझोता झाला त्यात 8 कोटी डॉलरची भरपाई होती आणि सरकारने माफीही मागितली. ती माफी मला पैशाइतकीच महत्त्वाची वाटते, कारण झालेलं नुकसान मोठ्याने कबूल न करता "आता आपण सगळे एक" म्हणणं म्हणजे दुखावलेल्याला गप्प बसवणं आहे. समझोत्याने सगळं सुटलं असंही नाही, नदीचं पाणी वापरायचे आधीचे परवाने तसेच राहिले, बोलणी चालू ठेवावी लागतात.

तेव्हा पहिला प्रश्न विचारणाऱ्या ताई, भावाकडे जाताना "विसरून जाऊ" असं म्हणत जाऊ नका. काय दुखलं ते सांगा, त्याचं काय दुखलं ते विचारा, आणि तो बोलत असताना मधेच उत्तर देऊ नका.