वाचकांचे प्रश्न : बंदराचं संग्रहालय, गंजलेला नांगर आणि देवमाशाचा मणका

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात स्थायिक झालेली, पण मूळची राजापूर खाडीकाठची माणसं. गावातल्या जुन्या घरात, स्वतःच्या बळावर, बंदराचं छोटं संग्रहालय करायचं आहे. लोक वस्तू द्यायला तयार आहेत. सुरुवात कुठून करावी? (राजारामपुरी)

उत्तर : काचेच्या कपाटांपासून नको, वहीपासून करा. शिवलेली, पानांवर छापील आकडे असलेली नोंदवही घ्या. प्रत्येक वस्तूला वर्ष आणि अनुक्रम द्या : २०२५.१, २०२५.२. पुढे वस्तूचं गावातलं नाव, मापं, कोणी दिली, कुठल्या होडीवर किंवा घरात होती, आज कुठे मोडली आहे. गावातलं नाव टाळू नका. ‘कप्पी’ लिहिलंत तर कुठल्याही तांडेलाला कळेल. ‘लाकडी गोल भाग’ लिहिलंत तर दहा वर्षांनी तुम्हालाच कळणार नाही. हाच आकडा वस्तूच्या मागच्या बाजूला घाला. आधी ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ चा (संग्रहालयांत वापरतात ती पारदर्शक ॲक्रिलिक राळ) बोटभर पट्टा, तो सुकल्यावर काळी शाई, वर त्याच द्रावणाचा आणखी एक थर. चुकलं तर ॲसिटोनने पुसता येतं. रंगवलेल्या वस्तूवर किंवा प्लास्टिकवर मात्र ॲसिटोन चालत नाही, रंगच उतरतो. कापडाला सुती फीत टाचा, कागदावर मऊ पेन्सिल वापरा.

सगळ्यात जास्त भांडणं ‘ठेवायला दिलंय’ या शब्दांवरून होतात. देणाऱ्याच्या मनात ती ठेव असते, घेणाऱ्याच्या मनात दान. म्हणून वस्तू हातात घेण्याआधी कागदावर लिहून घ्या : कायमचं दान, की अमुक तारखेपर्यंत उसनी. देणारा एकट्याने मालक आहे की घरात भाऊबंद वाटेकरी आहेत, तेही विचारा. ‘कायमस्वरूपी ठेव’ असं काही लिहूच नका. त्या दोन शब्दांत दोन्ही बाजूंना हवा तो अर्थ सापडतो.

संस्था करायची तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात त्याच्याच जोडीला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी करावी लागते. मसुद्यात एक कलम विसरू नका : संस्था बंद पडली तर संग्रह दुसऱ्या संग्रहालयाला जाईल, सभासदांत वाटला जाणार नाही.

प्रश्न : जाळ्यात सापडलेला एक लोखंडी नांगर मिळाला. घासून काळा रंग दिला, तरी सहा महिन्यांत पापुद्रे सुटून खाली केशरी थेंब दिसू लागले. रंग खराब होता का? (कोल्हापूर)

उत्तर : रंगाचा दोष नाही. समुद्रातलं मीठ लोखंडात आत मुरलेलं आहे. पावसाळ्यात हवेतला ओलावा त्याला मिळाला की आतून गंज चालू होतो आणि रंगाला ढकलून बाहेर येतो. वर आणखी दोन हात मारलेत तर मीठ आणखी पक्कं कोंडलं जाईल.

आधी नांगराला चुंबक लावा. जोरात चिकटला तर आत धातू शिल्लक आहे. चुंबक जेमतेम धरत असेल तर नुसत्या गंजाचा साचा उरला आहे. त्याला हातोडी लावू नका, जाणकार प्रयोगशाळेला विचारा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असं संवर्धन केंद्र आहे.

धातू शाबूत असेल तर रंग काढा, लाकडी आडवा दांडा असल्यास वेगळा करा (पुढे लागणारा कॉस्टिक सोडा लाकूड खातो) आणि नांगर पूर्ण बुडेल अशा प्लास्टिकच्या टाकीत ठेवा. ॲल्युमिनियमचं किंवा जस्त चढवलेलं भांडं नको. कॉस्टिक त्याला खातं आणि हायड्रोजन वायू सुटतो. मीठ बाहेर ओढायला पाण्यात लिटरला २० ग्रॅम कॉस्टिक सोडा घाला. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर उकळी फुटून अंगावर उडतं. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच.

पाणी महिन्याने बदला. मीठ निघतंय का हे बघायला टाकीतलं थोडं पाणी काचेच्या नळीत घेऊन ते आम्लधर्मी होईपर्यंत नायट्रिक ॲसिड घाला, मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. दुधासारखं गढूळ झालं तर मीठ येतंय. तपकिरी गाळ आला तर ॲसिड कमी पडलं, तो मिठाचा पुरावा नव्हे. शेजारी ताज्या द्रावणाची नळी ठेवून तुलना करा, कारण नळाच्या पाण्यातही क्षार असतात. शेवटच्या फेऱ्या डिस्टिल्ड पाण्याच्या. मोठ्या नांगराला वर्षही लागतं. घाई करणाऱ्याला परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मग स्वच्छ धुवा, लगेच पूर्ण सुकवा आणि टॅनिक ॲसिडच्या द्रावणाचे तीन-चार हात द्या. लोखंड निळसर काळं होतं. वर मायक्रोक्रिस्टलाइन मेण. वापरलेलं कॉस्टिक खाडीत ओतू नका.

पुढचा नांगर समुद्रातून आला तर तो वाळू देऊ नका. येतानाच ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा.

प्रश्न : निसर्गाच्या दालनासाठी देवमाशाचा मणका, पोवळं आणि शंख-शिंपल्यांचं कपाट आहे. शिंपल्यांवर पांढरी भुकटी चढते, ती बुरशी का? (गगनबावडा)

उत्तर : आधी मणक्याचं. देवमासे, समुद्री कासवं, खडक घडवणारी पोवळी आणि काही मोठे शंख वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. मणका कितीही जुना असो, वनाधिकाऱ्यांना कळवून लेखी परवानगी घेतल्याशिवाय तो ठेवता येत नाही. परवानगीशिवाय गाडीत घालून हलवणं हाही गुन्हाच, तेव्हा आधी वनखात्यात जा. त्या जागी मोठ्या आकाराचं छायाचित्र आणि माप काढून केलेली मातीची प्रतिकृती तितकीच बोलकी होते.

भुकटी बहुधा बुरशी नव्हे. प्लायवूड आणि काही लाकडांतून ॲसिटिक आम्ल उडतं आणि बंद, दमट कपाटात ते शिंपल्यातला चुना खातं. बुरशी समजून व्हिनेगरने पुसलंत तर उरलेलंही जाईल. शिंपले साध्या पाण्यात धुवा, सुकवा, पावडर कोटिंग केलेल्या लोखंडी कपाटात हलवा, आणि खाली कापूस घालू नका. दालन फक्त शंखांवर उभं करू नका : तिसऱ्या आणि कालवं कुठल्या चिखलात मिळतात, कांदळवन कुठे संपतं, सड्यावर (कातळाच्या पठारावर) पावसात कुठली फुलं येतात, याचा नकाशा गावातल्या बायकांकडून काढून घ्या. गाळाने खाडी उथळ होत गेल्याने राजापूर बंदराचं महत्त्व संपलं, तेही त्याच नकाशावर दाखवता येतं.

प्रश्न : कोल्हापूरचा आणि समुद्राचा संबंध दाखवणारं काही आहे का? (शाहूपुरी)

उत्तर : टाउन हॉल संग्रहालयात समुद्रदेव पोसायडनची काशाची लहान मूर्ती आहे, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळालेली. समुद्रापासून इतक्या आत ही मूर्ती पोचली ती बंदर आणि घाटवाटांच्या व्यापारातून. अणुस्कुरा घाटातून राजापूरला उतरणारी वाट तुमच्या दालनात जरूर दाखवा. बंदर घाटाशिवाय अर्धंच समजतं. मूर्तीचं छायाचित्र लावायचं तर संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या आणि त्याखाली ‘मूळ वस्तू कोल्हापुरात’ असं ठळक लिहा, म्हणजे पाहुणे ती तुमच्याकडे मागणार नाहीत.