झोपेच्या गोळीवर थोडीशी दारू घेतली तर खरंच धोका असतो का?

हो, असतो. ‘थोडीशी’ हा हिशेब इथे चालत नाही. अल्प्राझोलाम, डायझेपामसारख्या गोळ्या आणि दारू, दोन्ही मेंदूचं काम मंद करतात. त्यात श्वास चालू ठेवणारं केंद्रही आलं. एकेकटं जे शरीर निभावून नेतं, तेच एकत्र आलं की श्वास उथळ होत जातो आणि झोपलेल्याला पत्ताही लागत नाही. त्यात ट्रामाडोलसारखी वेदनाशामक गोळी किंवा कोडीनवालं खोकल्याचं औषध पडलं तर आणखीच वाईट. ही दोन्ही ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं काम करणारी औषधं. ओपिऑइड आणि या झोपेच्या गोळ्या एकत्र घेण्याबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २०१६ मध्ये सर्वांत कडक इशारा छापायला लावला, तो उगाच नाही.

‘मग उत्तेजक घेतलं की बरोबरी होते’ हा तर शुद्ध गैरसमज. कोकेन आणि दारू मिळून यकृतात कोकाएथिलीन नावाचं रसायन तयार होतं, ते हृदयाला जास्त घातक.

माणूस हलवूनही जागा होत नसेल, घोरताना घरघर होत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणू नका. कुशीवर वळवा, ॲम्ब्युलन्स बोलवा, काय काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा.

आणि हो, गोळी रोजची असेल तर पार्टीसाठी ती अचानक बंद करू नका. त्यानं झटके येऊ शकतात. टाळायची ती दारू.