तीन वर्षे कपाटात पडलेलं मॉडेल विमानाचं .४६ (घनइंच) चं ग्लो इंजिन सुरू होतं, पण अडखळत चालतं. काय तपासू?

सुई (इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) फिरवण्याआधी इंधन बदला. त्यातलं मिथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे उघडून ठेवलेला जुना डबा भरवशाचा नाही. नवा ग्लो प्लगही (इंधन पेटवणारी तापती तार असलेला प्लग) लावा, जुना १.५ व्होल्टवर लाल दिसला तरी धावताना दगा देऊ शकतो.

तरीही अडखळलं तर बहुधा हवा शिरते आहे. टाकीतली क्लंकची (इंधन ओढणाऱ्या वजनदार टोकाची) नळी बाहेर काढून वाकवून बघा, बारीक चीर तिथेच सापडते. सुईचं ओ-रिंग आणि मागच्या झाकणाचे स्क्रूही बघा. एरंडेल असलेलं इंधन वापरलं असेल तर स्प्रेबारमध्ये (कार्ब्युरेटरमधल्या इंधनाच्या बारीक नळीत) चिकट थर बसतो. कार्ब्युरेटर सुटं करून मिथेनॉलने धुवा, पण तार खुपसू नका. क्रँक घट्ट फिरत असेल तर हीट गनने गरम करा, जोर लावलात तर कनेक्टिंग रॉड वाकेल. फिरवताना खरखर आली तर बेअरिंग गंजलंय, ते बदलावंच लागेल.

मग मुख्य सुई अर्धा फेरा जास्त उघडी ठेवून सुरू करा. पूर्ण थ्रॉटलवर इंधनाची नळी क्षणभर चिमटीत दाबा: वेग किंचित वाढून उतरला तर मिश्रण बरोबर, लगेच पडला तर इंधन कमी पडतंय.