जर्नीमन म्हणजे ‘भटका खेळाडू’ का?

प्रश्न असा : बेसबॉलच्या बातम्यांत ‘जर्नीमन’ हा शब्द वारंवार येतो. जर्नी म्हणजे प्रवास, मग मराठीत ‘भटका खेळाडू’ लिहावे का?

लिहू नये. इथली ‘जर्नी’ प्रवासाची नाही. मूळ फ्रेंच ‘जुर्ने’, म्हणजे दिवस किंवा दिवसभराचे काम. युरोपातल्या कारागिरांत उमेदवारी संपवलेला, पण स्वतःचे दुकान न थाटलेला, रोजावर काम करणारा तो जर्नीमन. त्याला काम येते, हक्काची गादी नाही.

बेसबॉलमध्ये याला संघ बदलण्याची छटा चिकटली, पण नुसते संघ मोजून भागत नाही. रिकी हेंडरसन ९ संघांकडून खेळला आणि त्याने १४०६ बेस चोरले, म्हणजे फटका बसण्याची वाट न पाहता धावून पुढचा बेस गाठला. अशा दिग्गजाला कोणी जर्नीमन म्हणणार नाही. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, एडविन जॅक्सन याला म्हणतात. २००३ मध्ये विसाव्या वाढदिवशी लॉस एंजेलिस डॉजर्सकडून पदार्पण. २०१० च्या जूनमध्ये ॲरिझोनाकडून नो-हिटर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न देता पुरा केलेला सामना, तोही १४९ चेंडू टाकून आणि ८ वॉक (चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस) देऊन. जुलै संपायच्या आत त्याची शिकागो व्हाइट सॉक्सकडे रवानगी! २०११ मध्ये सेंट लुईसकडून खेळताना वर्ल्ड सीरिज, म्हणजे मेजर लीग या अव्वल स्पर्धेची अंतिम लढत, जिंकली, २०१९ मध्ये टोरंटो हा चौदावा संघ. सर्वाधिक संघांकडून खेळण्याच्या या विक्रमाची बरोबरी ४५ वर्षांच्या रिच हिलने २०२५ मध्ये कॅन्सस सिटीकडून खेळून केली.

मराठीत काय लिहावे? ‘बदली खेळाडू’ नको. गिरणीतला बदली कामगार अर्थाने जवळचा आहे खरा, पण खेळाच्या पानावर बदली म्हणजे राखीव माणूस. ‘कसबी’ चांगला शब्द, मात्र महिला खेळाडूबद्दल लिहिताना त्याचे स्त्रीलिंगी रूप करू नका, अर्थाचा अनर्थ होईल. माझे मत : पहिल्यांदा ‘जर्नीमन, म्हणजे संघोसंघी खेळलेला कसबी खेळाडू’ असे लिहावे, पुढे नुसते जर्नीमन.

खरी गफलत होते ती याच खेळाडूंच्या बातम्यांतल्या ‘आउट ऑफ ऑप्शन्स’ या शब्दांत. ‘त्याच्यापुढे पर्याय उरले नाहीत’ हे भाषांतर सपशेल चूक. ऑप्शन खेळाडूचा नसतो, क्लबचा असतो. क्लबच्या ४० जणांच्या यादीतल्या खेळाडूला साधारणपणे तीन हंगाम मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगखालच्या स्पर्धांत, खाली-वर करता येते. ते हंगाम संपले की त्याला मुख्य २६ जणांत ठेवा, नाहीतर वेव्हर्सवर टाका, म्हणजे इतर क्लबना उचलू द्या. तेव्हा लिहावे, ‘क्लबला आता त्याला परस्पर मायनर लीगमध्ये पाठवता येणार नाही’.

‘डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट’चेही तसेच. ‘नवी कामगिरी सोपवली’ असे वाटते, प्रत्यक्षात नाव ४० च्या यादीतून ताबडतोब निघालेले असते. मग क्लबकडे सात दिवस : सौदा करा, वेव्हर्सवर टाका किंवा मोकळे करा. कोणी उचलले नाही तर मायनर लीग. पण मेजर लीगमध्ये पाच वर्षे भरलेला खेळाडू ती नाकारून मुक्त होऊ शकतो. बातमीत ‘यादीतून काढले’ पुरे. ‘हकालपट्टी’ लिहू नका, कारण त्याच आठवड्यात तो दुसऱ्या संघाची टोपी घालून उभा असू शकतो.