‘घटनादुरुस्ती’, ‘संविधान संशोधन’ आणि ‘घटनाबदल’

प्रश्न : बातम्यांमध्ये हे तीन शब्द आलटूनपालटून वापरलेले दिसतात. तिन्हींचा अर्थ एकच आहे का? शिवाय ‘दुरुस्ती’ म्हटले की मूळ राज्यघटना नादुरुस्त होती, असे सुचवले जात नाही का?

‘संविधान संशोधन’ हा प्रयोग हिंदीतून जसाच्या तसा उचललेला आहे. मराठीत संशोधन म्हणजे अभ्यासकाचा शोध. घटना समितीतील चर्चांचे खंड धुंडाळणाऱ्याने आपल्या कामाला हे नाव जरूर द्यावे, संसदेने नव्हे. संविधानाच्या अधिकृत मराठी प्रतीत ‘सुधारणा’ हा शब्द आहे आणि व्यवहारात ‘घटनादुरुस्ती’ पक्का रुळला आहे.

‘दुरुस्ती’तून दोष सूचित होतो, ही शंका मात्र मला पटत नाही. सभेत एखाद्या ठरावाला दुरुस्ती सुचवली जाते, तेव्हा मूळ ठराव मोडका होता असे कोणी समजत नाही. मजकुरात भर घालणे, काही वगळणे किंवा शब्द बदलणे एवढेच त्यातून अभिप्रेत असते. १९५१ च्या पहिल्याच दुरुस्तीने जमीन सुधारणा कायद्यांना संरक्षण देण्यासाठी नववी अनुसूची जोडली. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने उद्देशिकेत ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द घातले. तर १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांमधून काढून अनुच्छेद ३००-क मध्ये नेऊन ठेवला.

‘घटनाबदल’ हा शब्द जपून वापरावा, कारण त्यातून सगळी घटनाच बदलण्याचा अर्थ निघतो. केशवानंद भारती खटल्यात २४ एप्रिल १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या १३ न्यायाधीशांनी ७ विरुद्ध ६ अशा बहुमताने नेमकी हीच सीमा आखली : दुरुस्ती करता येईल, पण तिने घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही.

घटनेच्या मजकुरातील प्रत्येक बदलाला ‘घटनादुरुस्ती’ म्हणावे, असेही नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली, तेव्हा पहिल्या अनुसूचीतील राज्यांची नावे आणि हद्दी बदलल्या. परंतु हे काम मुंबई पुनर्रचना अधिनियम या साध्या बहुमताच्या कायद्याने झाले, आणि असा कायदा अनुच्छेद ३६८ च्या (घटनादुरुस्तीची कार्यपद्धती सांगणाऱ्या अनुच्छेदाच्या) प्रयोजनासाठी घटनादुरुस्ती मानला जाणार नाही, असे अनुच्छेद ४ मध्येच स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणूनच घटनादुरुस्त्यांच्या क्रमवारीत महाराष्ट्राच्या निर्मितीला क्रमांक नाही.

याच्या उलट प्रकार २०१७ मध्ये घडला. जीविताचा आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या अनुच्छेद २१ मधील एकही शब्द हलला नाही, तरी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणाचा हक्क त्यात अंतर्भूत असल्याचा एकमुखी निर्णय दिला. येथे घटनेचा ‘अन्वयार्थ’ विस्तारला असे लिहावे; ‘न्यायालयाने घटनादुरुस्ती केली’ असे लिहिणे टीका म्हणून चालेल, बातमी म्हणून नाही.