फॉर्मची तपासणी: ॲनोटेशन की एक्सएमएल?

प्रश्न: आमची छोटी कंपनी गृहनिर्माण संस्थांसाठी सभासद-नोंदणीचे वेब ॲप्लिकेशन जावामध्ये तयार करत आहे. फॉर्मच्या तपासणीचे नियम क्लासमध्येच (माहितीचा साचा ठरवणाऱ्या कोडमध्ये) ॲनोटेशनने, म्हणजे फील्डच्या (माहितीच्या एकेका रकान्याच्या) वर लिहायच्या खुणेने, लिहावेत, असे तरुण सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. ज्येष्ठांचा आग्रह मात्र एक्सएमएल फाइलचा, म्हणजे कोडपासून वेगळ्या मजकूर-फाइलचा आहे, कारण नियम बदलला तरी कोडला हात लावावा लागत नाही. कोणता मार्ग धरावा?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: आपण वर्णन केलेल्या कामासाठी ॲनोटेशनच वापरावे. ज्येष्ठांच्या आग्रहामागे सवयीचा भाग असावा, आणि ती सवय रास्त होती: जावामध्ये ॲनोटेशन आले तेच 2004 मध्ये, पाचव्या आवृत्तीबरोबर, आणि तोवर असे नियम एक्सएमएलमध्ये लिहिण्याचीच रीत होती. 2009 मध्ये ‘बीन व्हॅलिडेशन’ हे जावातील अशा तपासणीचे प्रमाण ठरले, तेव्हा त्यात ॲनोटेशनला मुख्य स्थान मिळाले आणि एक्सएमएलची सोयही राखली गेली.

‘कोडला हात लावावा लागत नाही’ हे म्हणणे अर्धेच खरे आहे. ती फाइल बहुधा ॲप्लिकेशनच्याच पॅकेजमध्ये बांधलेली असते आणि सुरुवातीला एकदाच वाचली जाते; त्यामुळे नियम बदलल्यावर पुन्हा बिल्ड (कोडची बांधणी), चाचणी आणि डिप्लॉयमेंट (सर्व्हरवर चढवणे) यांपैकी काहीच टळत नाही. शिवाय एक्सएमएलमध्ये फील्डचे नाव नुसता मजकूर म्हणून लिहिलेले असते. कोणी क्लासमध्ये ‘पिन’चे ‘पिनकोड’ केले आणि फाइल तशीच राहिली, तर कंपायलर (कोडचे भाषांतर करणारा प्रोग्रॅम) चकार शब्द काढत नाही; चूक कळते ती ॲप्लिकेशन चालवल्यावर. ॲनोटेशन असेल, तर ‘सहा अंकी, पहिला अंक शून्य नको’ हा नियम फील्डच्या डोक्यावरच दिसतो. एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की मजकूर ठरावीक साच्यात आहे का हे पाहणारे ‘पॅटर्न’ हे ॲनोटेशन नल मूल्य (म्हणजे मूल्यच नसणे) बिनबोभाट पुढे सोडते, म्हणून सक्तीच्या फील्डवर ‘नॉटनल’ही हवेच.

माझ्या पाहण्यात ग्राहक ज्याला नियमबदल म्हणतात, तो पुष्कळदा चूक दाखवणाऱ्या संदेशातील शब्दांचा बदल असतो. संदेश मुळातच वेगळ्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये (साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) ठेवता येतात, मराठीसाठी स्वतंत्र फाइलही करता येते. त्यासाठी एक्सएमएलची गरज नाही.

एक्सएमएल खरोखर उपयोगी पडते ते दोन ठिकाणी: क्लास दुसऱ्याच्या लायब्ररीतील असून त्याचा सोर्स आपल्या हाती नसेल तेव्हा, किंवा प्रत्येक ग्राहकाकडे स्वतंत्र इन्स्टॉलेशन असून नियम खरोखर निराळे असतील तेव्हा. सर्व संस्था एकाच सर्व्हरवर चालणार असतील, तर संस्थागणिक बदलणारे नियम डेटाबेसमध्ये ठेवून त्यांची तपासणी स्वतंत्रपणे लिहिलेली बरी.

दोन्ही पद्धती एकत्र वापरायच्या झाल्यास एक खाचखळगा आहे. एक्सएमएलमध्ये एखाद्या क्लासचा उल्लेख केला, की ‘इग्नोर-ॲनोटेशन्स’ (ॲनोटेशन्सकडे दुर्लक्ष करावे का) हे ॲट्रिब्यूट, वेगळे काही लिहिले नसल्यास, ‘ट्रू’ (होय) धरले जाते. म्हणजे आपण केवळ मोबाइल क्रमांकाचा नियम लिहावा आणि त्या क्लासवरील बाकीची सारी ॲनोटेशन्स निकामी व्हावीत, तीही कोणतीच त्रुटी न दाखवता. तेथे स्पष्टपणे ‘फॉल्स’ लिहावे, आणि पिनकोड न भरलेला फॉर्म नाकारला जातो की नाही, हे पाहणारी एक चाचणी बिल्डमध्ये कायमची ठेवावी.