७२ हजारांचा लॅपटॉप हप्त्यावर घेऊ का? तासगावच्या ताईंना उत्तर

ताई, आधी एक सांगतो, सगळे आकडे लिहून पाठवलेत ते फार बरं केलंत, नाहीतर लोक 'सर लॅपटॉप घेऊ का' एवढंच विचारतात आणि मग मी काय कुंडली मांडू का त्याची. बाकीच्यांसाठी थोडक्यात: ताई आईबरोबर तासगावला राहतात, घरून डीटीपी (छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं, पत्रिका लावणं) आणि भाषांतराची कामं करतात, महिन्याला सरासरी ३८ हजार येतात पण ते कधी ५५ तर कधी १८ असे येतात, घरखर्च २४ हजार. सेव्हिंगला ८५ हजार, एक लाखाची दोन वर्षांची एफडी ७ टक्क्यांनी, तिचे १४ महिने झालेत, आणि म्युच्युअल फंडात महिना ४ हजारांची एसआयपी. लॅपटॉप २०१७ चा, बिजागरी तुटलीय, स्क्रीनला मागून पुस्तकांचा टेकू देऊन काम चालू आहे. मावसभावाने ७२ हजारांचा गेमिंग लॅपटॉप सुचवलाय, दुकानदार तो १२ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर देतोय, वर ७ हजारांचा तीन वर्षांचा प्रोटेक्शन प्लॅन गळ्यात मारतोय. विचारलंय असं की हप्त्यावर घेऊ, एफडी मोडू, की एसआयपी सहा महिने थांबवू.

तिन्ही नको. पण घ्या नक्की, आणि आत्ताच घ्या.

घ्या का म्हणतोय ते आधी. तुमचा जुना प्रोसेसर सातव्या पिढीचा आय५ आहे, त्याला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच मशीनवर तुम्ही नेटबँकिंग करता असं लिहिलंय, मला ते वाचूनच कसंतरी झालं. आणि दुसरं म्हणजे दिवाळी अंकांची पानं लावायचं काम जुलैत सुरू होईल ना, तेव्हा बिजागरीबरोबर स्क्रीनची केबल पण गेली तर? महिन्याला ३८ हजार, कामाचे दिवस २५ धरले तर तुमचा एक दिवस साधारण दीड हजाराचा आहे. चार दिवस मशीन बंद म्हणजे ६ हजार गेले, आणि जो संपादक दुसऱ्याकडे गेला तो पुढच्या वर्षी परत येईलच असं नाही. तर तुमच्यासाठी लॅपटॉपचा हिशोब या दीड हजारात करायचा, दुकानातल्या पाटीवरच्या आकड्यात नाही.

आता हप्त्याचं बघू. नो-कॉस्ट म्हणजे फुकट नसतं हो. २०१३ सालीच रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगून टाकलंय की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. होतं काय, की बँक व्याज लावतेच, १६ टक्के धरा, आणि तेवढीच सूट दुकानदार किंवा कंपनी किमतीत आधी देते. ७२ हजारांवर १२ हप्ते ६ हजारांचे, त्यात मुद्दल साधारण ६६,१३० आणि व्याज ५,८७०. ही सूट तुम्हाला मिळाली, छान, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी बँक तुमच्याकडूनच घेते, ते झाले १,०५७, वर प्रोसेसिंग फी १९९ आणि तिच्यावर परत जीएसटी. म्हणजे १,३०० च्या आसपास. शिवाय एकरकमी पैसे दिले तर दुकानदार दोन-तीन हजार कमी करतो ते हप्त्यावर बहुतेक करत नाही, विचारून बघा, चेहरा बघा त्याचा.

एफडी मोडली तर? दोन वर्षांचा दर मिळणार नाही, जितके दिवस ठेवली त्या मुदतीचा दर मिळेल आणि त्यातून पण साधारण एक टक्का दंड. समजा ७ च्या जागी पावणेसहा हातात पडले, तर १४ महिन्यांचे चौदा-पंधराशे रुपये कमी. बघा म्हणजे, हप्ता १,३०० चा आणि एफडी १,४५० ची. दीडशे रुपयांचा फरक, यावर तुम्ही आणि मावसभाऊ आठवडाभर भांडताय!

माझी भीती त्या १,३०० ची नाहीच. तुम्ही स्वतः लिहिलंय की प्रकाशकाकडून पैसे सुटायला ४५ ते ६० दिवस लागतात. ज्या महिन्यात १८ हजार आले त्या महिन्यात घरखर्च २४, एसआयपी ४ आणि हप्ता ६. हप्ता क्रेडिट कार्डाच्या बिलात येतो, आणि ते बिल पूर्ण भरलं नाही की महिन्याला साडेतीन टक्के लागतात, म्हणजे वर्षाला ४२, आणि मग नो-कॉस्टचं सगळं मुसळ केरात. पगारदार माणसाला मी कदाचित घे बाबा हप्त्यावर म्हटलं असतं. तुमच्यासारख्या कामाप्रमाणे पैसे येणाऱ्याला नाही.

एसआयपीला हात लावू नका. थांबवलेली एसआयपी परत चालू करताना लोकांना काय काय आठवतं ते मी वीस वर्षं बघतोय, लॅपटॉपनंतर फ्रिज आठवतो, फ्रिजनंतर भावाचं लग्न.

मग पैसे कुठून? सेव्हिंगमधून. तिथे ते अडीच-तीन टक्क्यांवर पडून आहेत. फक्त लॅपटॉप ५८ हजारांच्या आतला घ्या, ७२ चा नको. वर ५ हजारांची बाहेरची हार्ड डिस्क. झाले ६३. सेव्हिंगला २२ उरतात, एफडीचा एक लाख तसाच, मिळून १ लाख २२ हजार म्हणजे पाच महिन्यांचा घरखर्च, चालेल. मला सहा महिन्यांचा आवडतो पण चालेल. आणि मग तोच हप्ता स्वतःला लावा, ज्या महिन्यात ४० च्या वर आले त्या महिन्यात ७-८ हजार सेव्हिंगला परत टाकायचे, १८ च्या महिन्यात काही नाही, कुणी फोन करून वसुली करणार नाही. कार्डावर सूट असली तर कार्डावरच घ्या पण हप्ता न पाडता, आणि बिल आलं की लगेच पूर्ण भरून टाका.

आता ५८ विरुद्ध ७२. मावसभावाचं चुकलं नाही, तो स्वतःसाठी निवडतोय. गेमिंग मशीनमध्ये वरचे दहा-बारा हजार ग्राफिक्स कार्डाचे असतात, पान लावायला आणि भाषांतराला त्याचा उपयोग शून्य, उलट वजन सव्वादोन किलोच्या पुढे, पंखा मिक्सरसारखा आणि लाईट गेली की तीन तासांत बॅटरी खलास. तासगावात उन्हाळ्यात लाईटचं काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. ते १४ हजार म्हणजे तुमचे नऊ दिवस.

पैसे जिथे टाकायचे ते सांगतो. रॅम १६ जीबी, त्याखाली नको, आणि विचारा की बोर्डावर कायमची सोल्डर केलेली आहे की नंतर वाढवायला एखादा स्लॉट रिकामा आहे. २०२५ च्या शेवटापासून मेमरी चिप महाग झाल्यात, एआयवाल्या डेटा सेंटरांनी सगळा माल उचलायला घेतलाय, त्यामुळे 'आत्ता ८ घ्या, नंतर वाढवू' हा जुना सल्ला आता महागात जातो, सेलची वाट बघत बसण्यातही फार अर्थ नाही. फाइली साठवायची एसएसडी ५१२ जीबीची पुरे. प्रोसेसरच्या नावात फसू नका, रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावं बघा, एका आकड्याचा फरक, पण पहिल्यात चार कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे मेंदू म्हणा) आणि २०१९ ची जुनी रचना, दुसऱ्यात सहा कोअर आणि तिच्या पुढच्या पिढीची रचना. दुकानात दोन्हीला 'सात हजार सिरीज' म्हणून एकाच दमात विकतात.

आणि स्क्रीन. हे तुमच्या धंद्याचं आहे म्हणून जरा थांबतो. मिड-रेंजमधल्या बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीत बारीक अक्षरात '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं असतं, म्हणजे एसआरजीबीचे (कॉम्प्युटरच्या रंगांचं नेहमीचं माप) साधारण ६० टक्केच रंग दिसतात, कुंकवाचा लाल विटकरी दिसतो. तुम्ही पत्रिकेचा लाल डोळ्याला बरा वाटेपर्यंत वाढवता आणि प्रेसमधून पत्रिका भडक येते, मग गिऱ्हाईक बोंबलतं. '१०० टक्के एसआरजीबी' लिहिलेला पॅनल असेल तर त्यासाठी तीन-चार हजार जास्त गेले तरी मी हो म्हणेन, ग्राफिक्स कार्डाला नाही म्हणतोय तोच मी. दुकानात जाताना स्वतःची एक छापून आलेली पत्रिका आणि तिचीच पीडीएफ पेनड्राइव्हवर न्या, दोन्ही शेजारी धरून बघा.

तो ७ हजारांचा प्रोटेक्शन प्लॅन नको, तो लॅपटॉपच्या कंपनीचा नाहीये, तिसऱ्याच कुणाचा तरी आहे. कंपनीची स्वतःची वाढीव वॉरंटी असते ती बघा, आणि त्यात 'ऑनसाइट' आहे की 'कॅरी-इन' ते बघा. तासगावहून मशीन घेऊन सांगलीला जायचं की कोल्हापूरला की पुण्याला, हे घेण्याआधी विचारायचं, कारण परत तेच, दिवसाला दीड हजार. माणूस घरी येऊन दुरुस्त करत असेल तर दोन-अडीच हजार जास्त दिलेले मला पटतात. बिल हातात आलं की कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकून वॉरंटीची तारीख बघा, कधीकधी ती माल गोदामातून निघाला तेव्हापासून धरलेली असते, बिल दाखवलं की दुरुस्त करून देतात.

टॅक्सचं तुम्ही लिहिलंय की 'धंद्यात दाखवला तर वाचेल'. कॉम्प्युटरवर घसारा (वस्तू झिजते म्हणून उत्पन्नातून वजा होणारी रक्कम) ४० टक्के मिळतो हे खरं, पण तुमचं वर्षाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आसपास, नव्या रिजीममध्ये १२ लाखांपर्यंत टॅक्सच नाही, मग वाचणार कुठून. पत्रात एका ओळीत तुम्ही जे सहज लिहून गेलात ते मात्र मी दोनदा वाचलं: मुंबईच्या प्रकाशकाने गेल्या आर्थिक वर्षात १ लाख ४० हजारांवर १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ टॅक्स, कापला आणि 'आपलं उत्पन्न टॅक्सच्या खाली आहे म्हणून रिटर्न भरत नाही'. अहो ताई, ते १४ हजार तुमचे आहेत! रिटर्न भरलं तरच परत मिळतात. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरून २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या टॅक्सचा उतारा) काढून त्यात कापलेली रक्कम दिसतेय का बघा, बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट करा आणि भरा. मुदत चुकली तरी उशिराचं रिटर्न त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, त्यानंतर जे अपडेटेड रिटर्न असतं त्यातून रिफंड मागता येत नाही. त्याच्या आदल्या वर्षी पण कापले असतील तर ते जवळपास गेलेच समजा, विलंब माफीचा अर्ज करता येतो पण त्यात किती चपला झिजतील ते सांगत नाही. ७२ आणि ५८ मधला फरकही १४ हजारच, योगायोग बघा.

राहिलं मशीन घरी आल्यावरचं. पैसे देण्याआधी एक फोन करा, तुमच्या श्रीलिपीवाल्याला, म्हणजे मराठी फाँटचं सॉफ्टवेअर देणाऱ्याला. तुमचं व्हर्जन जुनं आहे आणि डोंगलवर (मशीनला लावायच्या किल्लीवर) चालतं, ते विंडोज ११ वर चालेल का, अपग्रेडला किती घेणार, हे आधी कळलं पाहिजे, नाहीतर ५८ हजारांचं नवं मशीन समोर आणि दहा वर्षांच्या फाइली उघडतायत नुसत्या खुणा-खुणा. अपग्रेडचे पैसे लॅपटॉपच्याच बजेटात धरा. भाषांतरासाठी युनिकोड मराठी कीबोर्ड विंडोजमध्येच असतो, त्याला काही विकत घ्यायचं नाही. अँटीव्हायरसची ट्रायल येते ती काढून टाका, विंडोजचा डिफेंडर पुरतो. ऑफिस कायमचं आहे की वर्षभराचं ते खोक्यावर बघा, वर्षभराचं असेल तर कार्ड नंबर देऊ नका, पुढच्या वर्षी आपोआप कापून जातं.

आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क बहुतेक वेळा आपोआप एन्क्रिप्ट होते, तिची ४८ आकडी रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. ती पहिल्याच दिवशी कागदावर उतरवा आणि एफडीच्या पावतीबरोबर ठेवा. मदरबोर्ड बदलला की मशीन ती की मागतं, आणि नसेल तर तुमचीच फाइल तुम्हाला मिळत नाही. माझी एकदा हार्ड डिस्कच गेली होती, २९ जुलैला, रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी, ४० जणांची कागदपत्रं आत, बॅकअप एप्रिलचा. दुकानदाराने 'बघतो' म्हणून तीन दिवस ठेवून घेतली. ते दोन दिवस मी लोकांना फोन करून फॉर्म १६ परत मागत होतो, बायकोने विचारलं जेवणार का तर तिच्यावर ओरडलो. त्यानंतर पाच हजारांची हार्ड डिस्क घेतली आणि दर शनिवारी लावतो. तुम्ही पण वार ठरवा.

जुना लॅपटॉप लगेच भाच्याला देऊ नका, तो कितीही मागे लागूदे. नेट बंद करून कपाटात ठेवा, डोंगल आणि फाँट त्याच्यावर चालतात हे आपल्याला माहीत आहे, नव्यावर अजून बघायचंय. पहिला दिवाळी अंक छापून हातात आला की मग द्या, देताना डिस्क पुसून.